क्रूझरवर सामान बांधायचंय? आधी मागं कोण बसणार ते ठरवा

क्रूझर, म्हणजे बसकी, लांब, पाय पुढं ठेवून चालवायची मोटारसायकल, घेणाऱ्या बहुतेकांचं लक्ष सुरुवातीला सीट, आवाज आणि फोटो याकडं असतंय, मग कधीतरी पहिली मुक्कामाची ट्रिप ठरते, बॅग भरून होते, माणूस ती उचलून गाडीजवळ येतो आणि बघतो तर ठेवायला जागाच नाही. कम्युटर गाडीला मागं लांब सपाट सीट असतंय, लोखंडी ग्रॅब रेल असतंय, दोरी अडकवायला चार ठिकाणं सहज मिळतात. क्रूझरचं सीट दोन तुकड्यांत, मागचा तुकडा छोटा, त्याच्या मागं मडगार्ड गोल होऊन खाली उतरलेला, कडेला इंडिकेटर बाहेर आलेले आणि उजव्या बाजूला लांब सायलेन्सर. दिसायला सगळं सुंदर आहे, मला ते मनापासून आवडतंय, पण सामानाचा विचार आपल्यालाच करावा लागतोय.

सोलापुरात आता मीटिओर, अव्हेंजर, जावा अशा गाड्या बऱ्याच दिसतात आणि ओळखीतलं कुणी नवीन गाडी घेतली की विचारतंच, कोणती बॅग घेऊ? मी उलट विचारतो, मागच्या सीटवर कोण बसणार आहे? कारण सगळं त्यावर ठरतंय. आपल्याकडं क्रूझर म्हणजे नुसती एकट्यानं लांब जायची गाडी नसतीय. आईला अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला न्यायचं असतंय, बायकोबरोबर तुळजापूर, जोडून सुट्टी आली की विजापूरचा गोलघुमट, आणि वर्षातून एखाददुसरी मोठी ट्रिप, बदामी हंपी किंवा कोकणाकडं. मागं माणूस असेल तर सीटवरची जागा संपली, मग सामान दोन्ही बाजूंना खालीच गेलं पाहिजे. एकटं जाणार असाल तर मागचं अख्खं सीट मोकळं आहे, तुम्हाला लोखंडी स्टँड, बॉक्स यातलं काही न घेता एक चांगली टेल बॅग, म्हणजे मागच्या सीटवर बांधायची बॅग, पुरते. हे न ठरवता लोक आधी बॅग घेतात आणि मग ती बॅग बसावी म्हणून गाडीला भोकं पाडत बसतात.

माझी मीटिओर ३५०, भावाची अव्हेंजर २२०, त्यामुळं मी जे लिहितोय ते या दोन गाड्या समोर ठेवून. तुमची दुसरी असेल तर मापं बदलतील, तत्त्व तेच.

आता वजनाचं बघू, कारण बॅगेचे लिटर सगळे बघतात आणि किलो कुणी बघत नाही. मीटिओर भरल्या टाकीसकट १९१ किलोच्या आसपास आहे, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत १४०० मिलिमीटर अंतर. समजा मागच्या अॅक्सलच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याच्या, ४० सेंटिमीटर मागं तुम्ही १० किलोचा बॉक्स बसवला. मागच्या चाकावर १० किलो वाढले असं वाटतंय, पण तराजूचाच हिशोब आहे, मागं साधारण १३ किलो वाढतात आणि पुढच्या चाकावरचे जवळजवळ ३ किलो उचलले जातात. त्यात मागं माणूस बसला, तोही थोडा मागं रेलून, की पुढचं चाक अजून हलकं. मग ८० च्या पुढं गेल्यावर हँडल हातात सैल सैल लागायला लागतंय, ट्रक शेजारून गेला की गाडी डुलते. गाडीत काही बिघाड नसतोय, सामान चुकीच्या ठिकाणी असतंय.

आणि उंची. हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणारा माणूस बघा, काठीच्या वरच्या टोकाला जरा वारा लागला की खाली त्याच्या कमरेला, पायाला किती जोर लावावा लागतोय, वजन तेवढंच असतंय पण ते वर असतंय म्हणून. टॉप बॉक्स म्हणजे सीटच्या मागं वर बसणारा कडक बॉक्स आणि सॅडलबॅग म्हणजे मागच्या चाकाच्या बाजूला खाली लटकणारी बॅग, टॉप बॉक्समधले ८ किलो आणि सॅडलबॅगेतले ८ किलो यात तोच फरक. नंदीध्वज पेलणाऱ्यांच्या मागं वर्षानुवर्षांचा सराव आणि सेवा आहे. आपण सिग्नलला उभं राहिल्यावर एक पाय खड्ड्यात पडला की वरचं वजन गाडी तिकडंच ओढतंय.

त्यामुळं माझं मत पक्कं आहे. मागं माणूस घेऊन लांब जायचं असेल तर क्रूझरला दोन्ही बाजूंच्या सॉफ्ट सॅडलबॅगा, त्याही लोखंडी सॅडल स्टेवर, म्हणजे बॅग चाकापासून लांब धरणाऱ्या कडेच्या दांड्यांवर. जड वस्तू, म्हणजे टूल किट, पंक्चर किट, चेन ल्यूब, पाण्याच्या बाटल्या, बूट, हे सगळं सॅडलबॅगच्या तळाला आणि पुढच्या बाजूला, म्हणजे आपल्या टाचेकडं. कपडे वरती. दोन्ही बॅगा हाताने उचलून बघायच्या, जवळपास सारख्या जड लागल्या पाहिजेत. घरी वजनकाटा असेल तर उत्तमच. आपल्याकडचे खेड्यावरून सकाळी येणारे दूधवाले बघा, दोन्ही बाजूला कॅन, स्टँड अॅक्सलच्या जवळ आणि खाली, आणि एक कॅन रिकामा झाला तर दुसऱ्यातलं दूध ओतून सारखं करून घेणार. रोज तेच काम करणाऱ्या माणसाकडून शिकावं असं हे आहे.

स्टेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथंच सगळ्यात जास्त नुकसान होतंय. बॅग नुसती सीटवरून टाकून खाली पट्ट्यांनी बांधली तर पहिले १० किलोमीटर छान दिसते. मग हलून हलून आत सरकते. डाव्या बाजूला साडी गार्ड असेल तर त्याच्यावर टेकते आणि चाकापासून वाचते, पण बरेच जण गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात साडी गार्ड काढून टाकतात, चांगलं दिसत नाही म्हणून. एक तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२३ नंबरचा नियमच आहे की मागं बसणाऱ्यासाठी हँडहोल्ड, फूटरेस्ट आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारं संरक्षण पाहिजे. नियम सोडा, मागं आई साडी नेसून बसणार असेल तर ते काढायचा विचारच मनात आणू नका. साडीचा पदर, ओढणी चाकात जाऊन काय होतंय हे सांगायची गरज नाही. आणि साडी गार्ड काढलं की सॅडलबॅगचा पट्टा थेट चाकाच्या बाजूला लोंबतोय.

उजव्या बाजूला अडचण सायलेन्सरची. एका मित्राची चांगली महागातली बॅग तुळजापूर घाट चढून उतरेपर्यंत खालून वितळली होती, आतला रेनकोट आणि दोन शर्ट चिकटून गेले होते. बॅग रिकामी असताना सायलेन्सरपासून लांब दिसते, भरल्यावर खाली बसते, त्यात मागं माणूस बसला की शॉकअप दबतात आणि सायलेन्सर अजून जवळ येतोय. म्हणून अंतर बघायचं ते बॅग भरून, मागं माणूस बसवून बघायचं. आडवा तळहात आरामात जाईल एवढी जागा तरी पाहिजे. कमी पडत असेल तर स्टे वर घ्या नाहीतर सायलेन्सरला हीट शिल्ड, म्हणजे उष्णता अडवणारा पत्रा लावा, नुसती ओली फडकी किंवा पुठ्ठा बांधायची युक्ती करू नका.

स्टे तयार मिळतात, मॉडेलप्रमाणे, कंपनीच्या आहे त्याच बोल्टच्या जागी बसणारे. मिळत असतील तर तेच घ्या. नाही मिळाले तर सोलापुरात करून मिळतात, आपल्याकडं फॅब्रिकेशनवाल्यांची काही कमी नाही, अक्कलकोट रोड एमआयडीसीकडं किंवा गावात कुठंही चौकशी केली की कुणी ना कुणी करून देतोय. पण करून घेताना समोर उभं राहा. गेट आणि खिडकीच्या ग्रिलचं काम करणाऱ्या माणसाला गाडीची थरथर लक्षात येत नाही, तो जाड पट्टी घेतोय, जागेवर दोन टाके मारतोय आणि म्हणतोय अण्णा, हत्ती बसवा यावर. जाड पट्टीनं काम होत नाही. पोकळ पाईप हलका असतोय आणि थरथर चांगली सहन करतोय. जोड पूर्ण गोल वेल्ड झालेला पाहिजे. स्टेला खाली एक आडवा दांडा पाहिजे, दोन्ही बाजूंचे स्टे मागून नंबर प्लेटच्या खाली किंवा वर एका पाईपनं जोडले तर आत झुकत नाहीत. फ्रेमला वेल्डिंग अजिबात करू द्यायचं नाही, कितीही आग्रह केला तरी. आहे त्या बोल्टच्या जागीच लांब बोल्ट, वॉशर आणि नायलॉक नट, म्हणजे थरथरीनं सैल न होणारा नट, लावून बसवायचं. आणि इंडिकेटर झाकले जात असतील तर ते मागं सरकवून घ्यायचे, त्यासाठी छोट्या पट्ट्या मिळतात. नंबर प्लेट आणि मागचा लाईट दहा पंधरा पावलं मागं जाऊन, बॅगा लावलेल्या असताना, स्वतः बघायचा.

आता बॅग कशाची. चामड्याची काळी सॅडलबॅग, बकल, पट्टे, क्रूझरला तिच्यासारखं काही शोभत नाही हे मला मान्य आहे. पण सोलापूरचं ऊन. एप्रिल मे मध्ये ४२, ४३ सहज जातंय, गाडी ऑफिसबाहेर उन्हात दिवसभर उभी, चामडं वाळतंय, घडीच्या जागी भेगा पडतात, आणि मग सप्टेंबरला पाऊस लागला की तेच चामडं पाणी पितंय आणि आत बुरशीचा वास सुरू. नियमित तेलपाणी, वॅक्स करणार असाल, गाडी सावलीत लागत असेल, तर घ्या, जपलं तर चामडं वर्षानुवर्षं टिकतंय. बाजारात चामड्यासारखं दिसणारं रेक्झिन असतंय ते मात्र नको, आपल्या उन्हात वरचा थर पापुद्र्यासारखा निघायला लागतोय.

लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचे साइड बॉक्स. जुन्या बुलेटला असायची तशी डिक्की. कुलूप लागतंय, पाणी जात नाही, मजबूत. पण बॉक्सचं स्वतःचं वजन, स्टँडचं वजन, म्हणजे सामान ठेवायच्या आधीच गाडीवर बरेच किलो चढले. गाडी आडवी झाली तर सॉफ्ट बॅग दबते, कडक बॉक्स दबत नाही, पाय त्याच्या आणि रस्त्याच्या मधे सापडू शकतोय. आणि रुंदी. मीटिओरचं हँडल साधारण साडेआठशे मिलिमीटर रुंद आहे, आपल्या डोक्यात सवयीनं एवढंच बसलेलं असतंय की हँडल गेलं की गाडी गेली. बॉक्स त्याच्या बाहेर आला की नवी पेठेतल्या गर्दीत, आषाढीच्या आसपास पंढरपूर रोडला, कुणाच्या तरी गुडघ्याला लागणार. म्हणून कोणतीही साइड बॅग घ्या, दोन्ही बाजूंनी भरून फुगल्यावर सुद्धा हँडलच्या आत राहिली पाहिजे. मी टेप लावून मोजायला सांगतो, डोळ्यानं अंदाज चुकतोय.

सुपर मीटिओर ६५० सारख्या मोठ्या गाडीला कंपनीचेच कडक बॉक्स मिळतात आणि त्या गाडीला वजन झेपतंय, तिथं माझं म्हणणं वेगळं असेल. ३५० पर्यंतच्या गाडीला मी सॉफ्टच सांगीन. वायाटेरा, रायनॉक्स, गार्डियन गियर्स या आपल्याच देशातल्या कंपन्या चांगलं काम करतात, ऑनलाईन मिळतात. विकत घेताना मी तीन गोष्टी बघतो. पट्टा जिथं बॅगेला शिवलाय तिथं चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई आहे का. तळाला कडक शीट आहे का, म्हणजे भरल्यावर पोतं होत नाही. आणि पाणी अडवायची सोय आत आहे का बाहेर.

या तिसऱ्यावर बोलायलाच पाहिजे. बऱ्याच बॅगांना बाहेरून घालायचं रेन कव्हर देतात, पिवळं नाहीतर केशरी. हायवेला वाऱ्यानं ते फुगतंय, फडफडतंय, इलॅस्टिक सैल झालं की उडून जातंय, आणि मागच्या चाकाकडून उडालेलं पाणी त्याच्या तळाला साठतंय ते वेगळंच. आतून वॉटरप्रूफ लायनर असलेली बॅग कधीही चांगली, तोंड गुंडाळून बकल लावायची. आपल्याकडं पाऊस कमी म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण सोलापूरचा पाऊस सांगून येत नाही, दुपारपर्यंत ऊन आणि सप्टेंबरात संध्याकाळी असा कोसळतोय की अर्ध्या तासात सगळं चिंब.

आणि इथं आपल्या गावाचा फायदा घ्या. सोलापूर युनिफॉर्मसाठी ओळखलं जातंय, जाड कापड शिवणारी मशीन आणि ते चालवणारे चांगले हात गल्लोगल्ली आहेत. मी दोन्ही सॅडलबॅगांच्या आतल्या मापाच्या दोन साध्या पिशव्या शिवून घेतल्या, आतून कोटिंग असलेलं नायलॉन कापड, वर दोन बंद, आणि बंद जिथं जोडले तिथं युनिफॉर्मच्या खिशाला मारतात तसा बारटॅक, म्हणजे जवळजवळ मारलेली पक्की शिलाई. शिवणाऱ्या मामांनी स्वतःहून विचारलं, वजन किती धरायचं? आणि तळाला एक पट्टी जास्तीची फिरवून दिली. आता लॉजवर पोचलो की बाहेरची बॅग गाडीलाच राहते, आतली पिशवी उचलायची आणि खोलीत. धुळीनं माखलेली बॅग गादीवर ठेवायला नको, रोज पट्टे सोडाबांधायला नकोत. दोन पिशव्यांचा रंग वेगळा घ्या, एक माझी एक हिची, रात्री अंधारात शोधाशोध होत नाही.

एकटं जाणाऱ्यांसाठी टेल बॅग. क्रूझरला बॅकरेस्ट असेल तर याच्यासारखी सोय नाही, बॅग बॅकरेस्टच्या पुढं, मागच्या सीटवर उभी ठेवायची, बॅकरेस्टलाच दोन पट्टे. वजन मागच्या अॅक्सलच्या पुढं राहतंय आणि आपल्याला पाठ टेकायला मिळते, पुणे रोडला मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण असं तासन्तास सरळ चालवताना कंबरेला फार बरं वाटतंय. उलट काही जण बॅकरेस्टच्या मागं रॅक लावून त्याच्यावर बॅग बांधतात आणि सीट रिकामं. मागं कुणी नसेल तर तसं करायचं काही कारण नाही.

रॅक आणि टॉप बॉक्सबद्दल माझं मत लोकांना कडक वाटतंय. लांबच्या प्रवासात, मागं माणूस असताना, भरलेला टॉप बॉक्स क्रूझरवर नको. वर सांगितलेला हिशोब त्यालाच सगळ्यात जास्त लागू होतोय. बॉक्सच्या आत स्टिकर असतंय त्यावर कमाल वजन लिहिलेलं असतंय, ते वाचा, ४५ लिटरच्या बॉक्सला सुद्धा ते बऱ्याचदा फक्त थोड्याच किलोंचं असतंय. ४५ लिटरमधे दोन हेल्मेट जवळपास बसतात, म्हणजे तो हलक्या आणि मोठ्या वस्तूंसाठी आहे, पाण्याच्या कॅनसाठी आणि हत्यारांसाठी नाही.

पण देवदर्शनाला टॉप बॉक्ससारखं दुसरं काही नाही, हेही तेवढंच खरं. अक्कलकोट ३८, ४० किलोमीटर, तुळजापूर ४५, पंढरपूर ७० पेक्षा थोडं जास्त, जाऊन यायचं एका दिवसात. सामान म्हणजे दोन हेल्मेट, दोन जॅकेट, चपला, येताना प्रसाद. रांगेत किती तास जातील सांगता येत नाही, गाडी पार्किंगला, आणि सॉफ्ट बॅगेला कुणी चेन उघडून हात घातला तर काय करणार. कुलूपवाला बॉक्स, हेल्मेट आत, आई निवांत दर्शन घेते आणि माझंही लक्ष गाडीकडं राहत नाही. म्हणून चावीनं निघणारा बॉक्स घ्या, खाली प्लेट गाडीवर राहते, बॉक्स लागेल तेव्हाच लावायचा. आईच्या पाठीला त्या बॉक्सची गादी टेकते, तिला साठीनंतर गाडीवर बसायला त्याच्यामुळंच भरवसा वाटतोय.

टँक बॅग क्रूझरला बेतानं. मीटिओरची टाकी लोखंडी आहे, चुंबकवाली बॅग बसते, पण टाकी गोल उतरती असल्यामुळं मोठी बॅग पोटाला येते आणि हँडल पूर्ण वळवताना अडते. काही अव्हेंजर क्रूझच्या टाकीवरच पेट्रोलचा काटा असतोय, तो झाकला जातोय. छोटी घ्या, मोबाईल, पाकीट, गाडीचे कागद, गोळ्या आणि थोडे शेंगदाणे गूळ एवढी. लावायच्या आधी टाकी आणि चुंबक दोन्ही ओल्या कापडानं पुसायचं, आपल्याकडच्या धुळीत वाळूचे कण असतात, चुंबकाखाली अडकले की रंगावर ओरखडे. पॉवर बँक मात्र उन्हात टाकीवर ठेवून जायचं नाही, लिथियम बॅटरीला ती उष्णता चांगली नाही, थांबला की खिशात घ्या.

लेग गार्डला लावायच्या छोट्या बॅगा आजकाल फार दिसतात. जागा खालची आणि पुढची, म्हणजे वजनाच्या दृष्टीनं उत्तम, टूल तिथं ठेवले तर मागचा भार हलका होतोय. पण या गाड्यांचं इंजिन हवेवर थंड होतंय, जोडीला ऑइल कूलर आहे. बॅग इतकी मोठी घेऊ नका की इंजिनच्या पंखांवर येणारा वाराच अडेल, मे महिन्यात सोलापूर हैदराबाद रोडला नळदुर्गच्या पुढं दुपारी हे कळतंय. लेग गार्डच्या बाहेरच्या बाजूला, लहान बॅगा, बस. त्यात पाणी ठेवलं तर ते चहासारखं होतंय, पाणी मागं ठेवा. हेडलाईटखाली फोर्कला बांधायची ती गोल टूल रोल दिसायला झकास, पण ती हँडलबरोबर वळते, जड झाली की स्टिअरिंग जड, आणि बांधताना ब्रेकची नळी किंवा वायर दाबली जाते. हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून बघितल्याशिवाय निघू नका. मी रेनकोट सोडून तिथं काही ठेवत नाही.

पाठीवरची सॅक. क्रूझरवर पाय पुढं, पाठ सरळ, म्हणजे रस्त्याचा प्रत्येक दणका थेट माकडहाडाला येतोय आणि त्यात खांद्यावर ७, ८ किलो लटकवले तर १०० किलोमीटरमधे मान धरते. लॅपटॉप न्यायचा असेल तर टेल बॅगेत कपड्यांच्या मधे उभा ठेवा.

बांधायचं कशानं, हा छोटा वाटतो पण जिवाचा प्रश्न आहे. हूकवाला रबर, दुकानात लटकलेला असतोय तो, ताणून लावताना सुटला तर हूक थेट डोळ्यावर येतोय. उन्हानं रबर कडक होतंय आणि वरून चांगलं दिसत असताना आतून तुटतंय. बकलवाले नायलॉनचे पट्टे घ्या, कॅम बकल, ओढून घट्ट करायचे. पट्ट्याचं उरलेलं टोक गुंडाळून रबर बँड लावून आत खोचायचं, लोंबतं टोक चाकात नाहीतर चेनमधे गेलं की मागचं चाक जाम. निघाल्यावर पहिल्या २०, २५ किलोमीटरला थांबायचंच. पुणे रोडला निघालो तर मी सावळेश्वर टोल नाक्याच्या पुढं कडेला घेतो, सगळे पट्टे परत ओढतो, कपडे दबल्यामुळं प्रत्येक वेळी थोडे सैल झालेलेच असतात, सायलेन्सरच्या बाजूची बॅग हात लावून बघतो, आणि मग निवांत चहा मोहोळला.

पुण्याला नातेवाइकांकडं जाताना सोलापूरकराची वेगळीच अडचण असते. शेंगा चटणी चालते, डब्यात घाला आणि कुठंही ठेवा. कडक भाकरी नाही चालत. सॅडलबॅगेत खाली ठेवली तर पोचेपर्यंत चुरा. ती स्टीलच्या डब्यात, वर खाली टॉवेल, आणि डबा टेल बॅगेत सगळ्यात वर. चादरी न्यायच्या असतील तर दोनच, त्या जड असतात आणि जागा फार खातात, पण सॅडलबॅगेत बाहेरच्या बाजूला उभ्या लावल्या तर आतल्या वस्तूंना आधार चांगला होतोय. स्वतःसाठी मात्र जाड टॉवेल नको, ओला झाला की दिवसभर वाळत नाही, पातळ पंचा घ्या.

एवढं सगळं बांधून झालं की गाडी तशीच काढायची नाही. मागच्या दोन्ही शॉकअपला प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग कडक मऊ करायची सोय असते, मीटिओरला ६ खाचा आहेत, टूल किटमधला सी आकाराचा पाना घेऊन दोन्ही बाजूंना सारख्या खाचेवर फिरवायचा. मागं माणूस आणि सामान असेल तर मी वरच्या खाचांवर नेतो. क्रूझरला शॉकअपची हालचाल आधीच कमी, मऊ ठेवलं तर प्रत्येक गतिरोधकावर खाली आपटतंय, आणि आपल्याकडं गावागावात गतिरोधक किती उंच असतात ते सगळ्यांना माहीत आहे, मीटिओर रिकामी असतानाचा खालचा गॅप १७० मिलिमीटर, लादल्यावर तो तेवढा राहत नाही. टायरची हवा थंड असताना, घरून निघायच्या आधी, मॅन्युअलमधे मागं माणूस असतानाचा जो आकडा दिलाय तेवढी भरायची. उन्हात ५० किलोमीटर पळवून पंपावर मोजली तर काटा जास्त दाखवतोय आणि पंपावरचा पोरगा हवा काढून टाकतोय, तसं करू द्यायचं नाही. हेडलाईटचा झोतही बघा, मागं वजन आलं की तो वर जातोय आणि समोरच्याच्या डोळ्यावर पडतोय.

पैशाचं म्हणाल तर सगळं एकदम घ्यायची गरज नाही. आधी ट्रिपचं सामान घरात फरशीवर मांडा, जोडीदाराला बोलवा, तिचं पण मांडू द्या, त्यातलं काय खरंच लागतंय ते दोघांनी मिळून ठरवा, मग उरलेल्याचं माप बघून बॅग घ्या. माझ्या हिशोबानं पहिला खर्च स्टे आणि पट्टे, दुसरा सॅडलबॅगा, आणि टॉप बॉक्स घरात वयस्कर माणूस मागं बसणार असेल तरच. परत आल्यावर बॅगा काढून, रिकाम्या करून, चेन उघड्या ठेवून सावलीत टांगा, स्टेचे नट पाना लावून बघा, वेल्डच्या जागी रंगाला बारीक चीर दिसते का ते बघा, आणि प्रीलोड आपल्या रोजच्या खाचेवर परत आणा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना गाडी कडक लागते.